नवव्या पातळीचा खजिनदार

माणसाला काम नको असतं, पण गुण हवे असतात, हे मला वयाच्या सातव्या वर्षीच कळलं होतं. मास्तरांनी एकदा माझ्या पाटीवर खडूनं 'छान' असा शेरा दिला. तो पुसला जाऊ नये म्हणून मी पुढचे दोन दिवस पाटीवर एक अक्षर लिहिलं नाही. पाटी छातीशी धरून शाळेत जायचो आणि छातीशी धरूनच परत यायचो. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी अभ्यास विचारला. तेव्हा 'छान' पाटीवर होतं आणि छडी हातावर. एवढा धडा मिळाल्यावर खरं म्हणजे माणसानं जन्मभर शहाणं राहायला हरकत नव्हती. पण साठ वर्षांनी मी तीच पाटी पुन्हा छातीशी धरली. या वेळी ती संगणकाची होती एवढाच काय तो फरक.

त्याचं झालं असं. आमच्या सोसायटीत चोवीस बिऱ्हाडं आहेत आणि मी तिचा खजिनदार आहे. खजिनदार निवडला जातो असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो सापडतो. मी सभेला दहा मिनिटं उशिरा पोचलो आणि सापडलो. त्यातून मी बँकेतला निवृत्त माणूस, तोही संगणक विभागातला. तरुणपणी बँकेनं सहा महिने शिकवलेली कोबॉल नावाची भाषा मला अजून, लहानपणी पाठ केलेल्या भीमरूपीसारखी, मधूनमधून आठवते. तेव्हा देखभालीची बिलं हातानं लिहिण्यापेक्षा आपणच एक छोटासा प्रोग्राम लिहावा, असं माझ्या मनात आलं.

रविवारी भाचा जेवायला आला होता. तो हिंजवडीत काम करतो. दुसऱ्या पुरणपोळीला तो म्हणाला, "मामा, प्रोग्राम आता लिहायचा नसतो. सांगायचा असतो."

"कुणाला?"

"संगणकातल्या मदतनीसाला. तुम्ही मराठीत सांगा, तो कोड लिहितो. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"चाळीस वर्षं संसारात हेच केलंय," मी हळूच म्हणालो. स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला, म्हणून पुढचं बोललो नाही.

"आणि कंटाळा येऊ नये म्हणून त्याच्यावर हा एक खेळ बसवू या," भाचा म्हणाला. "मदतनीसानं एक काम पुरं केलं की तुम्हाला गुण. गुण साठले की पातळी वाढते. रोज काम केलं की ज्योत पेटती राहते. एक दिवस चुकला की विझते."

काम मदतनीसाचं आणि गुण मला! बँकेत अडतीस वर्षं काम माझं आणि गुण साहेबाला, असा प्रकार सोसलेल्या माणसाला याहून न्यायाची गोष्ट कोणती वाटणार? मी ताबडतोब हो म्हणालो. तो माझा पहिला होकार. पुढं पुष्कळ झाले.

जेवणं झाल्यावर प्रतिष्ठापना सुरू झाली. भाच्यानं संगणकावर एक काळी खिडकी उघडली. चित्र नाही, बटण नाही. पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी चौकट. तिच्यात त्यानं एक ओळ लिहायला सांगितली. मी लिहिली. संगणक म्हणाला, कमांड सापडली नाही.

"ती आहे, पण त्याला ठाऊक नाही," भाचा म्हणाला. "पोस्टमनला ठरावीक गल्ल्यांची यादी दिलेली असते तसं समजा. त्या यादीत नसलेल्या गल्लीतलं घर तो मानतच नाही. यादीला पाथ म्हणतात." आम्ही गल्ली यादीत घातली. मग संगणक म्हणाला, तुमच्याकडचं नोड नावाचं इंजिन जुनं आहे. ते नवं आणलं. मग तो म्हणाला, परवानगी नाही. माझ्या घरात, माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेला संगणक मला परवानगी नाकारत होता! भाच्यानं ओळीच्या सुरुवातीला एक छोटासा शब्द घातला. तो घातला की संगणक आपल्याला साहेब समजतो म्हणे. आणि खरंच, तो मुकाट्यानं कामाला लागला. नोकरीत असताना हा शब्द मला कुणी सांगितला नाही याचं वाईट वाटलं.

शेवटी राहिली खुंटी. तिला ते लोक हूक म्हणतात. मदतनीसाचं काम संपलं की तो या खुंटीवर काय टांगलंय ते पाहतो आणि ते चालवतो. आमच्या खुंटीवर टांगला होता गुण मोजणारा दहा-वीस ओळींचा प्रोग्राम. तो एका फाइलमधला आकडा वाढवायचा. ही खुंटी ठोकताना एक स्वल्पविराम राहिला आणि त्यापायी पाऊण तास गेला. मराठीच्या पेपरात मी आयुष्यभर विरामचिन्हं गाळत आलो, पण कुठलाही परीक्षक इतका चिडला नव्हता.

मी ती गुणांची फाइल उघडून पाहिली. आत एवढंच: गुण शून्य, पातळी एक. ना सही, ना शिक्का. मी म्हटलं, "अरे, हे खातं कुणीही उघडून शून्याचे हजार करील!"

भाचा हसला. "मामा, स्वतःच्याच खेळात स्वतःला कोण फसवील?"

या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आता त्या काळ्या खिडकीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मला वाटलं होतं की ती म्हणजे संगणकशास्त्रातली नऊवारी. माउस आला, चित्रं आली, आणि ही मागं पडली. पण २०२५ साली गंमत झाली. फेब्रुवारीत अँथ्रॉपिक कंपनीचा क्लॉड कोड आला, एप्रिलमध्ये ओपनएआयचा कोडेक्स आणि जूनमध्ये गूगलचा जेमिनाय. आणि हे तिन्ही नव्या जमान्याचे मदतनीस येऊन बसले ते याच काळ्या खिडकीत. नवी सून यावी आणि तिनं माळ्यावरचं पाटावरवंटा खाली काढावा तसं झालं. म्हणून मी हिचं कुळ शोधायला गेलो, आणि पाहतो तो काय? जिच्यावर आम्ही घामाघूम होऊन खेळ बसवला, ती खिडकी मुळात खेळापोटीच जन्माला आलेली!

ही गोष्ट १९६९ सालची, अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधली. टेलिफोन कंपनीची ही प्रयोगशाळा. मल्टिक्स नावाचा एक अवाढव्य प्रकल्प तिनं त्या वर्षी सोडून दिला, आणि त्यावर काम करणारी हुशार मंडळी हात चोळत बसली. त्यांतल्या केन थॉम्प्सन नावाच्या तरुणानं 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा खेळ लिहिला होता. पडद्यावर सूर्यमाला, तीतून आपलं यान हाकायचं आणि एखाद्या ग्रहावर नाहीतर उपग्रहावर उतरवायचं. पण मोठ्या संगणकावर यान नीट हाकता यायचं नाही, आणि एका डावाला संगणकाच्या वेळेचा खर्च यायचा सुमारे ७५ डॉलर. डॉलर तेव्हा साडेसात रुपयांना होता. म्हणजे एका डावाचे साडेपाचशेच्या वर रुपये. एवढ्यात आमच्या वडिलांनी महिनाभर घर चालवलं असतं आणि वर मुंजीला आहेर केला असता.

थॉम्प्सननं मग कोपऱ्यात धूळ खात पडलेलं पीडीपी-७ नावाचं एक लहान यंत्र शोधून काढलं. डेनिस रिची या मित्राच्या मदतीनं खेळ त्याच्यावर चढवला. खेळ चढवता चढवता त्या यंत्राची नाडी कळली, आणि मग त्याच्यासाठी स्वतःची कार्यप्रणाली लिहावी असं वाटू लागलं. योगही असा जुळून आला, की त्याची पत्नी लहान मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला नातेवाइकांकडे गेली. थॉम्प्सननं एक आठवडा एडिटरला दिला, एक असेंब्लरला आणि एक प्रणालीच्या गाभ्याला. तीन आठवड्यांत युनिक्सचा पाया तयार! आमची ही तीन आठवडे माहेरी गेली होती तेव्हा मला फक्त साखरेचा डबा कुठला ते सापडलं होतं. पण ते असो. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर युनिक्सच्या वंशातल्या नाहीतर वळणातल्या प्रणालींवर चालतात. आपण मोबाइलवरून विजेचं बिल भरतो त्याच्या मुळाशी कुठंतरी एक माणूस गुरूच्या उपग्रहावर यान उतरवत बसलेला आहे.

या युनिक्सनंही आपलं जन्मऋण विसरलं नाही. तिच्या माहितीपुस्तकाचं सहावं प्रकरण खेळांसाठी राखलेलं असे. आणि खिडकीतला दुसरा नामांकित खेळ तर मला फारच भावला. विल क्राउदर नावाचा प्रोग्रामर होता. आज ज्याला आपण इंटरनेट म्हणतो त्याच्या पूर्वजावर, अर्पानेटवर, काम करणारा. त्याला डोंगरातल्या गुहा धुंडाळायचा नाद होता. १९७५ च्या सुमाराला त्याचा घटस्फोट झाला. मुली दुरावल्यासारख्या झाल्या. तेव्हा केंटकीतली आपल्या पायांखालची गुहा त्यानं शब्दांत उतरवली आणि मुलींना खेळायला दिली. उत्तरेला जा, दिवा घे, असं दोन शब्दांत सांगायचं आणि पुढची जागा वाचायची. हाच तो 'अ‍ॅडव्हेंचर' खेळ. १९७७ साली डॉन वुड्सनं तो वाढवला, आणि सगळीकडे पसरलेल्या त्या आवृत्तीत एकूण ३५० गुण ठेवलेले होते. पण मुळात बापाला मुलींशी बोलायचं होतं. गुण हे मागाहून आलेले.

हे वाचून माझी छाती फुगली. म्हणजे आम्ही काही पोरखेळ करत नव्हतो. थोर परंपरा चालवत होतो! मी मोठ्या उत्साहानं सोसायटीच्या हिशेबाला बसलो. सभासदांची यादी कर, म्हटलं. मदतनीसानं केली. टण्‌ असा आवाज झाला आणि पंचवीस गुण पडले. बिलाचा नमुना कर. टण्‌. चौथ्या दिवशी मी तिसऱ्या पातळीवर होतो. दहाव्या दिवशी मला 'कोडवीर' नावाचं पदक मिळालं. हे मी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "बिलं झाली का?" अशा प्रश्नांमुळंच आपल्याकडे वीर निपजत नाहीत.

खरं म्हणजे मी त्याच वेळी परंपरेचं दुसरं पान उलटायला हवं होतं. कारण खेळातून काम निघणं ही एक गोष्ट, आणि कामावर वरून गुण चिकटवणं ही निराळी. त्या दुसऱ्या गोष्टीचा इतिहास काही सूर्यमालेतून येत नाही. तो गिरणीतून आणि खाणीतून येतो.

स्कॉटलंडात न्यू लॅनार्क इथं कापसाची एक मोठी गिरणी होती. १८०० साली रॉबर्ट ओवेन तिचा कारभार पाहू लागला. माणूस दयाळू. कामगारांना मारणं, शिव्या देणं त्याला पसंत नव्हतं. मग त्यानं प्रत्येक कामगाराजवळ लाकडाचा एक छोटा चौकोनी ठोकळा टांगला. चार बाजूंना चार रंग: काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे चांगला आणि पांढरा म्हणजे उत्तम. काल ज्याचं वागणं जसं, तशी बाजू आज समोर. रोजचा रंग वहीत उतरायचा. ओवेन नुसता गिरणीतून चालत जायचा. ठोकळ्याकडे बघायचा, माणसाकडे बघायचा, आणि एक शब्द न बोलता पुढं जायचा. सुरुवातीला काळे पुष्कळ होते. हळूहळू निळे झाले, मग पिवळे, आणि काही पांढरेसुद्धा. या ठोकळ्याचं नाव होतं 'मुका देखरेख्या'. मला माझा टण्‌ आठवला. आमचा देखरेख्या तेवढा बोलका होता.

त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी सोव्हिएत रशियात हाच ठोकळा छातीवर चढला. ३१ ऑगस्ट १९३५ च्या पहाटेपर्यंत दोन्‌बासच्या खाणीत अलेक्सेई स्ताखानोव्ह नावाच्या खाणकामगारानं एका पाळीत १०२ टन कोळसा फोडला. नेमून दिलेल्या कामाच्या चौदा पट! त्याचं नाव देशभर गाजलं, अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकानं त्याचं चित्र मुखपृष्ठावर छापलं, आणि जो तो स्ताखानोव्ह व्हायला निघाला. आता, तो कोळसा फोडत पुढं सरकत असताना छताला लाकडी टेकू द्यायला मागं दुसरी माणसं होती. त्यांचं नाव 'टाइम'वर आलं नाही. आणि पुढच्या वर्षी सगळ्याच कामगारांचा नेमून दिलेला कोटा वाढवण्यात आला. एकाला मिळालेली शाबासकी बाकीच्यांच्या पाठीवर अशी पडते.

कोळसा निदान वजनात तरी मोजता येतो. प्रोग्राम कशानं मोजणार? १९८२ च्या सुरुवातीला अ‍ॅपल कंपनीत 'लिसा' नावाचा संगणक तयार होत होता. वरिष्ठांनी फर्मान काढलं: दर आठवड्याला प्रत्येकानं किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरून द्यायचं. तिथं बिल अ‍ॅटकिन्सन नावाचा फार मोठा कारागीर होता. त्यानं त्याच आठवड्यात चित्र काढणारा एक भाग नव्यानं लिहिला होता. तो कितीतरी वेगवान झाला, आणि आटोपशीर होऊन दोन हजार ओळी कमी झाल्या. फॉर्म समोर आला तेव्हा त्यानं 'ओळी' या रकान्यात शांतपणे लिहिलं: वजा २०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. आमच्या बँकेत असा फॉर्म कुणी भरला असता तर आधी त्याची चौकशी झाली असती आणि मग वजा आकड्यासाठी नवा फॉर्म निघाला असता.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल असंच काही सांगून ठेवलं आहे. त्याचा मतितार्थ आपल्या भाषेत असा: ज्या मापानं माणसाला हाकायला लागलो, ते माप बिघडलंच म्हणून समजा. ते वाचताना मला गुडहार्टसाहेबांपेक्षा आमचे पाटीवाले मास्तर जास्त आठवले.

पण शहाणपण आणि फॅशन यांत फॅशन नेहमीच पुढं. २०१० नंतर कामाला खेळाचे कपडे चढवण्याची लाट आली. तिला इंग्रजीत गेमिफिकेशन म्हणतात. हा शब्द २००२ साली आपण घडवला असं निक पेलिंग हे ब्रिटिश गृहस्थ सांगतात. प्रोग्रामरांच्या शंकांची उत्तरं देणारं 'स्टॅक ओव्हरफ्लो' २००८ पासूनच गुण आणि पदकं देत होतं. मग 'गिटहब' या कोड साठवण्याच्या ठिकाणी २०१३ साली प्रत्येकाच्या नावापुढं वर्षभराच्या दिवसांची हिरवी चौकट आली. काम केलं तो दिवस हिरवा. शिवाय सलग किती दिवस हिरवे, त्याचा आकडा. हा आकडा २०१६ मध्ये काढून टाकला गेला, तेव्हा काय बदललं याचा अभ्यास पुढं २०२१ साली प्रसिद्ध झाला. आकडा गेल्यावर लोकांचं शनिवार-रविवारचं काम कमी झालं, आणि दिवसाला नावापुरती एकच नोंद टाकायचे दिवसही कमी झाले. म्हणजे बरीच मंडळी कामासाठी नाही, दिवस हिरवा करण्यासाठी बसत होती. संकष्टीला चंद्र पाहण्यासाठी गच्चीवर जावं आणि ढगालाच नमस्कार करून खाली यावं, तसं.

हे सगळं मी मागाहून वाचलं. त्या दिवसांत मला वाचायला सवड नव्हती. माझी ज्योत तेवत होती. सव्विसावा दिवस होता. त्या दिवशी आम्ही एका लग्नाला गेलो होतो आणि परत यायला रात्रीचे साडेअकरा झाले. बारा वाजले की ज्योत विझणार. मी कोटही न काढता संगणकाशी बसलो. ही म्हणाली, "अहो, आधी चपला तरी काढा." मी म्हटलं, "ज्योत!" तिनं देवघराकडे पाहिलं. तिथलं निरांजन केव्हाच शांत झालं होतं.

राहिलेल्या कामांत थकबाकीवरच्या व्याजाचं काम होतं. मी मदतनीसाला म्हटलं, थकलेल्या रकमेवर २१ टक्के व्याज लाव. त्यानं विचारलं, कसं लावू? पुढं दोन पर्याय दिले. काहीतरी लांबलचक लिहिलं होतं. घड्याळात अकरा अठ्ठावन्न झाले होते. मी पहिल्या पर्यायावर एंटर मारलं. टण्‌! ज्योत वाचली, झटपट कामाचे दहा गुण वर मिळाले, आणि मी नवव्या पातळीवर पोचलो. त्या आनंदात झोप लागली नाही.

काम झपाट्यानं चाललंय अशी माझी त्या दिवसांत पक्की समजूत होती. पण समजुतीचं काय? २०२५ सालीच 'मेटर' नावाच्या संस्थेनं एक चाचणी प्रसिद्ध केली. सोळा अनुभवी प्रोग्रामर, २४६ कामं. काही कामांत मदतनीस वापरायचा, काहींत नाही. संपल्यावर मंडळी म्हणाली, मदतनीसामुळं आम्ही वीस टक्के लवकर आटोपलो. घड्याळ म्हणालं, तुम्हाला एकोणीस टक्के जास्त वेळ लागला. माणसं सोळाच, आणि साधनं त्या वर्षाच्या सुरुवातीची. तेव्हा त्यावरून जगाचा न्याय करू नये. पण वाटणं आणि असणं यांच्यामध्ये एवढी मोठी गल्ली असते हे खरं. माझ्या पाथमध्ये ती गल्ली नव्हती.

पुढच्या महिन्यात बिलं वाटली. चोवीस बिलं, सुबक, सोसायटीच्या नावाला कमान. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. वय ऐंशीच्या पुढं. प्राथमिक शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. लिफ्ट बंद होती, म्हणून जिन्यानं आल्या होत्या. हातात बिल आणि कॅलेंडरचा फाडलेला कागद.

"खजिनदार, जरा बसू का?"

मी खुर्ची दिली. हिनं पाणी आणलं.

"आमचे हे दवाखान्यात होते त्या महिन्याचे तीन हजार भरायचे राहिले," काकू म्हणाल्या. "दहा महिने झाले. माझीच चूक. व्याज लागायलाच हवं. २१ टक्क्यांनी दहा महिन्यांचं होतं पाचशे पंचवीस. तुम्ही लावलंय पाचशे अडुसष्ट रुपये तेहतीस पैसे. मी तीनदा करून पाहिलं."

कॅलेंडरच्या मागं शिसपेन्सिलीनं तीन वेळा मांडलेला तोच हिशेब होता. तिन्हींच्या खाली रेघ आणि पाचशे पंचवीस.

"त्रेचाळीस रुपयांचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "आत्ता देते. पण हे कसं आलं, तेवढं मला समजावून सांगा. हे गेल्यापासून माझे हिशेब चुकायला लागलेत की काय, अशी भीती वाटली. रात्रभर तेच."

मी बिल हातात घेतलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं. आणि लक्षात आलं की मला सांगता येत नाही. प्रोग्राम माझा होता, बिलाखाली सही माझी होती, नववी पातळी माझी होती; पण हा आकडा कुठून आला ते मला ठाऊक नव्हतं. अडतीस वर्षं बँकेत काढली. खातेदार काउंटरवर पासबुक घेऊन आला की लेजर उघडून बोट ठेवून दाखवायचं, हे रक्तात होतं. आज बोट ठेवायला जागाच नव्हती.

"काकू, तुमचा हिशेब बरोबर आहे," मी म्हटलं. "चुकलंय ते माझं. कुठं, ते उद्या येऊन सांगतो."

त्या रात्री मी मदतनीसाला एकही काम सांगितलं नाही. कोड उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. पुष्कळ होता. मी वाढवत नेला होता ना, गुणांपायी! एकच यादी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी केलेली. कुणी न मागितलेला वाढदिवसांचा तक्ता. दोनच्या सुमाराला व्याज सापडलं. दर महिन्याला व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज. चक्रवाढ! सोसायटीचा नियम सरळव्याजाचा. मग मी त्या लग्नाच्या रात्रीचं संभाषण काढून पाहिलं. मदतनीसानं सरळ विचारलं होतं: चक्रवाढ की सरळ? सोसायट्यांत साधारणपणे सरळव्याज असतं, तेव्हा नियम पाहून घ्या, अशी पुस्तीही जोडली होती. वाचायला मी थांबलो नव्हतो. बिचाऱ्याला दोष द्यायचीसुद्धा सोय राहिली नाही.

सकाळी भाच्याला फोन केला. म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं."

"कुठल्या, मामा?"

"स्वतःच्याच खेळात स्वतःला कोण फसवील, त्या."

माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. पहाटे दळण कंटाळवाणं व्हायचं नाही ते त्यामुळंच. म्हणजे कामात खेळ हवा हे तिलाही कळत होतं, थॉम्प्सनच्या कितीतरी आधी. पण ओवी तिची तिला सुचायची, तिच्या मनातलं बोलायची, आणि आज किती ओव्या झाल्या हे कुणी मोजत नव्हतं. पीठ कसं झालंय याचा निकाल भाकरी थापताना लागायचा. बोटांना कळायचं.

दोन दिवस बसून मी कोड आवरला. मदतनीसाला घेतलं, पण या वेळी प्रत्येक ओळ मला समजावून दे म्हटलं, आणि त्यानं न कुरकुरता समजावली. उरलं ते सगळं मला बोट ठेवून दाखवता येत होतं. मोजलं तर साडेसातशे ओळी गेल्या होत्या. दोन हजारांपुढं हे काहीच नाही; पण अ‍ॅटकिन्सन कारागीर होता, मी खजिनदार. थकबाकी असलेली आणखी चार बिऱ्हाडं निघाली. पाचही बिलं दुरुस्त केली आणि स्वतः दारोदार नेऊन दिली. काकूंकडे शेवटी गेलो. त्यांना चक्रवाढ कशी शिरली ते कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पायरी पायरी तपासली आणि म्हणाल्या, "हं, आता कळलं. म्हणजे माझं डोकं शाबूत आहे." मग कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं सवयीनं बरोबरची खूण केली, आणि आत जाऊन माझ्यासाठी लाडू घेऊन आल्या.

या सगळ्या गडबडीत ज्योत कधी विझली ते समजलंच नाही. घरी येऊन काळी खिडकी उघडली तर लिहून आलं होतं की सलग दिवस शून्य, पुन्हा सुरुवात करा. मी ती खुंटी उपटून टाकली. ठोकायला पाऊण तास लागला होता. उपटायला अर्धं मिनिट.

"काय हो, पातळी वाढली का?" हिनं आतून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बिलं झाली."

तो कॅलेंडरचा कागद काकूंनी मलाच देऊन टाकला. सोसायटीच्या हिशेबवहीत घालून ठेवलाय. त्यावरची खूण पुसली जाऊ नये म्हणून नाही. पुढच्या महिन्यात व्याज तपासायला लागेल म्हणून.